टेबलावरची माणसं

“वहिनी काही बोलत नाहीत ना, तोपर्यंत टेबल आपलं! बिनधास्त मांड.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. बाळ्या भाऊजी बाल्कनीत उभे राहून माझ्या नवऱ्याला सांगत होते आणि मी बाल्कनीला लागून असलेल्या स्वयंपाकघरात, खिडकीखाली बसून कोथिंबीर निवडत होते. नवरा म्हणाला, “हळू बोल ना यार!”

म्हणजे वाक्याला त्याची हरकत नव्हती. आवाजाला होती.

मी खरंच फार बोलत नाही. बोलत नसलं की ऐकू बरंच येतं. नवरा आणि त्याचे दोन मित्र, या तिघांच्या घरी न रंगवलेल्या शिपायांचे डबे साठत जातात, माझ्याकडे किस्से. फरक एवढाच, की मला त्यासाठी वेगळं कपाट लागत नाही.

आधी शिपायांबद्दल सांगते. बोटाच्या दोन पेरांएवढे प्लास्टिकचे योद्धे असतात. त्यांना मिनिएचर म्हणायचं. ‘खेळणी’ म्हटलं की माझा नवरा अमेय दुखावतो. डब्यातून ते सुट्या तुकड्यांत येतात. हात वेगळे, डोकी वेगळी, तलवारी वेगळ्या. ते चिकटवायचे, बारीक ब्रशने रंगवायचे आणि मग अंतर मोजायची टेप आणि फासे घेऊन टेबलावर एकमेकांशी लढवायचे. अमेयने हे आमच्या लग्नाच्या थोडं आधी सुरू केलं. सोबत वेसाव्याचे बाळ्या तांडेल, अमेयचे कॉलेजपासूनचे मित्र, आणि घाटकोपरचे डेंटिस्ट परेशभाई. रणभूमी मात्र कायम मुलुंडला, आमच्या हॉलमध्ये. कारण मोठं डायनिंग टेबल फक्त आमच्याकडे आहे.

ते टेबल माझ्या बाबांनी दिलं. लग्नाआधी ते बोरिवलीहून टेप घेऊन आले, हॉल मोजला, दार किती उघडतं ते मोजलं आणि ओळखीच्या सुताराच्या डोक्यावर उभं राहून सागवानी टेबल करून घेतलं. त्यावर मी गेल्या रविवारपर्यंत एकदाही जेवले नव्हते. सासूबाई ताट घेऊन टीव्हीसमोर बसतात. अमेय उभ्याने जेवतो, युद्धाकडे बघत. मी ओट्यापाशी.

बाबा दर फोनला विचारतात, “टेबल हलत नाही ना गं?”

“नाही बाबा. कुणी इंचभरसुद्धा हलवू देत नाही.”

बाबा खूश होतात.

*

अमेयने पहिला योद्धा रंगवला तो ट्यूबमधून निघेल तेवढ्या जाड रंगाने. नाक, डोळे, मिशी सगळं एकाच थराखाली गेलं. तरी त्याला तो इतका आवडला, की तळहातावर घेऊन आधी आईला दाखवायला गेला.

सासूबाई मालवणच्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “कोण आसा ह्यो?”

“योद्धा आहे आई. सेनापती.”

“मगे ह्येच्या तोंडार भरीत कित्याक लावलंस?”

परेशभाईंनी मग शिकवणी घेतली. रंगात पाणी घाल, दोन पातळ थर दे, आणि ब्रशचं टोक फाकलं की ओठात धरून नीट कर. शेवटचा सल्ला आरोग्याच्या दृष्टीने कसा आहे ते मला माहीत नाही, पण देणारा डॉक्टर होता. चांगला ब्रश एकच होता, परेशभाईंचा. त्यामुळे परेशभाई एक मिशी काढायचे, ब्रश ओठात धरायचे, अमेयला द्यायचे. अमेय भुवई काढायचा, ओठात धरायचा, परत द्यायचा.

सासूबाई भाजी घेऊन परतल्या आणि दारातच थबकल्या. आमच्याकडे उष्ट्याचं फार कडक आहे.

“बायकोच्या ताटातलो घास नको म्हणतंस, उष्टो म्हणतंस,” त्या म्हणाल्या, “आणि मित्राचो ब्रश चाटतंस?”

त्या दिवशी अमेयने माझ्या ताटातली कोथिंबीर वडी न विचारता उचलून खाल्ली. बहुधा हिशोब सरळ करायला.

*

परेशभाईंचा हात मात्र खरोखर स्थिर आहे. दवाखान्यात दोन पेशंटच्या मध्ये जरा फुरसत असली की ते एखादं डोकं रंगवून घेतात. डोकी सुटी असल्याने हे जमतं.

एकदा एका गृहस्थांची दाढ काढायची होती. भुलीचं इंजेक्शन देऊन झालं, तोंडात कापूस भरला, गृहस्थ खुर्चीत आडवे. सहज त्यांची नजर बाजूच्या ट्रेकडे गेली. चिमटे, आरसा, आणि त्यांच्या शेजारी हिरव्या चेहऱ्याचं, दात विचकलेलं, मानेपासून तुटलेलं एक इवलंसं डोकं.

“ऑक्टर, ए आय आए?” त्यांनी कापसातून विचारलं.

परेशभाईंचं लक्ष एक्स-रेकडे होतं. ते म्हणाले, “आधीचा पेशंट.”

गृहस्थ उठले, एप्रनसकट जिना उतरले आणि थेट रस्त्यावर. रिसेप्शनिस्ट मुलगी मागून ओरडत होती, “काका, दाढ राहिली!”

परेशभाई अजून म्हणतात, “भाभी, मी जोक केला होता.” त्यांचे जोक असेच असतात, इंजेक्शनसारखे. कळायला वेळ लागतो.

*

रंगाआधी शिपायांवर प्रायमरचा स्प्रे मारायचा असतो आणि तो कोरड्या हवेत वाळवायचा असतो. मुंबईत कोरडी हवा कुठून आणायची? आमच्या बाल्कनीत वाळवलेल्या एका तुकडीला बुरशी आल्यासारखी लव आली. अमेय म्हणाला, “हे जंगलातले सैनिक आहेत असं समजू.”

बाळ्या भाऊजींकडे उपाय होता. वेसाव्यात त्यांच्या आईचं बोंबील वाळवायचं मैदान आहे. ऊन भरपूर, समुद्राचा वारा आणि बांबूच्या आडव्या काठ्या तयारच. त्यांनी अख्खी फौज दोऱ्याने बोंबलांच्या रांगेत टांगली आणि ऑफिसला निघून गेले.

दुपारी आईचा फोन. “बाला, तुझा बावला कावल्यान नेला!”

“कुठला गं?”

“तो झेंडावाला.”

झेंडावाला म्हणजे फौजेतला सगळ्यात महाग आणि सगळ्यात अवघड! भाऊजी मीटिंगमधून बाहेर आले, कपाळाला हात लावला. “आई, कावळा कुठे गेला ते तरी बघितलंस का?”

“तो गेला रं. पन बोंबील एक नाय नेला बघ! तुझ्या बावल्यांना रोज टांगत जा.”

उरलेली फौज रविवारी आमच्या टेबलावर आली. वासासकट. समोर परेशभाई, जैन. त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाकाला बांधला आणि फासे हातात घेतले.

“बाळ्या,” ते रुमालातून म्हणाले, “तुझ्या सैन्याशी लढायला माझी ना नाही. पण जवळ येऊन लढायचं नाही. आज फक्त बाण.”

*

या खेळात कोणाला कोण दिसतं याला फार महत्त्व. दिसला तरच बाण मारता येतो. ते ठरवायला गडीमाणसं खाली वाकतात आणि गाल टेबलावर टेकवून, एक डोळा मिटून, शिपायाच्या नजरेने बघतात.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या संगीतामावशी पहिल्यांदा हॉलमध्ये आल्या तेव्हा तिघंही असेच होते. तीन गाल टेबलावर, तिघंही गप्प. मावशी हळूच स्वयंपाकघरात आल्या. “वहिनी, कांदा फोडून देऊ का? साहेब लोक पडलेत.”

नंतर त्या सरावल्या. इतक्या सरावल्या, की एका सोमवारी, अर्धी लढाई टेबलावर तशीच असताना, त्यांनी टेबल पुसलं. एकेक शिपाई उचलला, फडक्याने पुसला आणि परत ठेवला. संध्याकाळी अमेयने घरात पाऊल टाकलं आणि तिथेच उभा राहिला. दोन्ही फौजा एका ओळीत. उंच मागे, बुटके पुढे, शाळेच्या फोटोसारख्या. सगळ्यांची तोंडं देवघराकडे!

“मावशी!” त्याने टेबलाकडे बोट दाखवलं. “हे शत्रू होते हो एकमेकांचे!”

मावशींनी पदराला हात पुसले. “ते दिसलं ना मला. म्हणूनच एका रांगेत लावले.”

मोबाइलमधले जुने फोटो मोठे करकरून तिघांनी ती लढाई परत मांडली. एक घोडेस्वार शेवटपर्यंत सापडला नाही. तो देव्हाऱ्यात गणपतीच्या उजव्या हाताला निघाला. तिथून त्याला काढायला सासूबाई आजही तयार नाहीत.

*

एका रविवारी बघते, तर माझा हळदीकुंकवाचा करंडा टेबलाच्या मधोमध. लग्नातला, चांदीचा. भोवती बाणवाले, भालेवाले आणि बोंबलाचा वास.

मी करंड्याकडे बघितलं. अमेयने माझ्याकडे बघितलं.

“अगं जुई, ते ऑब्जेक्टिव्ह आहे. म्हणजे मोक्याची जागा. ती जिंकायची असते.” मी विचारलंही नव्हतं, पण नियम सांगायची संधी मिळाली की त्याचा चेहरा उजळतो. “म्हणजे बघ, नुसती मारामारी करून काही होत नाही. जागा धरावी लागते. तू तुझं काहीतरी तिथे नेऊन उभं करायचं. मग दोन टर्न थांबायचं. दोन टर्नमध्ये समोरच्याने येऊन हटवलं नाही, की जागा तुझी. मग त्याने कितीही बोंब मारू दे!”

“आणि त्याचं लक्षच नसलं तर?”

“तर त्याची चूक! नियम म्हणजे नियम.”

“अच्छा,” मी म्हटलं.

“वहिनींना इंटरेस्ट यायला लागला!” बाळ्या भाऊजी म्हणाले. “झकास!”

*

आईबाबा लग्नानंतर पहिल्यांदाच जेवायला येणार होते. गेल्या रविवारी. बोरिवलीहून मुलुंडला येणं म्हणजे बाबांच्या हिशोबाने परगावचा प्रवास. आणि त्यांना टेबल बघायचं होतं. तसं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, “तुम्हाला बघायला येतोय.”

अमेयने शब्द दिला होता, “शनिवारी सगळं उचलतो.” पण शनिवारी परेशभाईंनी एकेका चालीला इतका विचार केला, की फौजा रविवारी सकाळीही तिथेच होत्या. आणि दहाच्या सुमारास तिघंही!

“आता उचललं तर वाट लागेल रे,” बाळ्या भाऊजी म्हणाले. “मी जिंकत आलोय.”

अमेय स्वयंपाकघराच्या दारात आला. “जुई, तुझ्या आईबाबांना सोफ्यावर ताट घेऊन चालेल ना गं?”

मी कढी ढवळत होते. काही बोलले नाही. बाहेरून बाळ्या भाऊजींचा ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ असा घसा खाकरल्याचा आवाज आला.

मी कोशिंबिरीचा वाडगा घेतला, हॉलमध्ये गेले आणि दोन फौजांच्या मधोमध ठेवला.

परेशभाईंनी मान वर केली. “भाभी, हे काय?”

“कोशिंबीर.”

“चालेल. तळं समजू.” त्यांनी आपले घोडेस्वार तळ्याला वळसा घालून नेले.

मी कढीचं भांडं आणलं. बाळ्या भाऊजी टाळी वाजवून म्हणाले, “वहिनी, डोंगर पण? एक नंबर!” आणि त्यांचे बाणवाले डोंगराआड लपले. मग मी ताटं मांडली, एकेक करून, टेबलाच्या चारी बाजूंना. त्यांनी भालेवाले सरकवले. वाट्या मांडल्या, त्यांनी तटबंदी म्हटलं. अळूवड्यांची थाळी ठेवली, तेव्हा अमेयने टेप लावून तिच्यापासून शत्रू किती इंचांवर आहे ते मोजलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भात उतरवला, पापड भाजले. बाहेर फासे पडत होते. एक टर्न संपली. दुसरी सुरू झाली, तीही संपली. परेशभाईंचे फक्त सहा शिपाई उरले होते आणि ते मिठाच्या वाटीला पाठ लावून उभे होते.

बेल वाजली. सासूबाईंनी दार उघडलं. “येवा, येवा, बसा!”

बाबा चपला काढता काढताच टेबलाकडे बघत होते. आत आले, आणि कुणाशी काही बोलायच्या आधी टेबलाच्या कडेवर तळहात ठेवून त्यांनी हलकेच दाबून पाहिलं. हललं नाही.

तिघं गडबडीने उभे राहिले. बाळ्या भाऊजींनी माझ्याकडे वाकून, अगदी हळू आवाजात म्हटलं, “वहिनी, तेवढी ताटं जरा उचलता का? शेवटची एकच टर्न राहिलीय.”

अमेयही माझ्याकडे बघत होता. परेशभाईही. मी काही बोलणार नाही, याची तिघांनाही खात्री होती.

पाण्याचा तांब्या तेवढा राहिला होता. तो मी बाळ्या भाऊजींच्या सेनापतीशेजारी ठेवला आणि म्हटलं,

“दोन टर्न होऊन गेल्या, भाऊजी. कुणी हटवलं नाही. हात धुऊन या.”