मामांच्या चेहऱ्याचा खटला

यवतचे लतीफमामा दंतमंजन विकत आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नव्हता. कुणी हटकलंच तर शांतपणे सांगत, "दात आधी गेले, मंजन मागनं सुचलं." मी तिथल्या शाळेत मास्तर, त्यांचा शेजारी. बाभळीची साल जाळून, लवंग कुटून चाललेल्या त्यांच्या उद्योगाचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

पुडीवर मामांचंच चित्र होतं. पेंटरनं त्यात पदरचे दात घातले होते, त्यामुळे पुडीवरचे मामा झुपकेदार मिशांखाली भरघोस हसत. खाली छापलेलं असे, 'नकलेपासून सावध. चेहरा पाहूनच घ्या.' या चित्राची त्यांनी फार पूर्वी सरकारदरबारी नोंदणी केली होती.

एकदा बाजारात हुबेहूब तशाच पुड्या आल्या. वरवंडच्या बबन नावाच्या तरण्या पोरानं काढलेल्या. आत निव्वळ विटेची भुकटी आणि कापूर. हिरड्या सोलवटलेल्या चार बायका मामांच्याच दारात भांडायला आल्या. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "चित्र नेलं त्याचं काय न्हाई, मास्तर. पर लोकांच्या तोंडातनं रगत माझ्या नावानं येतंय." फिर्याद मी लिहून दिली.

दौंडच्या कोर्टात बबन आला तो तशाच मिशा वाढवून. "साहेब, पुडीवरचा चेहरा माझा हाय," म्हणाला आणि हसून दाखवलं. न्यायाधीशांनी पुडी एकदा मामांशेजारी धरली, एकदा बबनशेजारी. बबन मामांपेक्षा जास्त मामांसारखा दिसत होता. मी घाईनं नोंदणीचा कागद पुढं केला. त्यावरची तारीख पाहून साहेबांनी विचारलं, "तेव्हा तुझं वय काय?"

"आठ-नऊ असंल."

"मिशा एवढ्याच होत्या?"

बबनला दंड झाला, पुड्या जप्त झाल्या. बाहेर तो भिंतीला टेकून बसला होता. मामा त्याच्यापाशी गेले. आता चार शब्द सुनावणार, असं मला वाटलं. मामा म्हणाले, "मिशा ऱ्हाऊ दे, शोभत्यात. उद्यापास्नं माझ्याकडं ये. नाव चोरलंस, आता औषध तरी नीट शिकून घे."

बबन खरंच आला आणि टिकलाही. पुढे मामांची नजर गेली. सारे हक्क बबनच्या नावे करून ते लेकीकडे सोलापूरला निघाले. आम्ही दोघं त्यांना दौंड स्टेशनवर पोचवायला गेलो. खिडकीचा गज धरून बबननं विचारलं, "मामा, आता माझी कुणी नक्कल केली, तर काय करू?"

"आधी त्या नकलेनं दात घासून बघ," मामा म्हणाले. "चांगली निघाली तर गप बस."