इस्तो मागायला आरमोरीपर्यंत

त्या म्हाताऱ्याने दारावर थाप मारली की नाही? आणि मारली असेल, तर आतल्याने दार उघडलं का? घुग्घुसच्या आमच्या कॉलनीत हे मला सगळ्यांनी विचारून झालं आहे. मी घरातली पहिली बी.ए., तेव्हा मला ठाऊक असणारच, असा समज. मला ठाऊक नाही. लाइट गेली तेव्हा मीही लक्ष्मीअक्कांच्या पलंगाच्या पायाशी इतरांसारखीच दाटीवाटीने बसले होते.

लक्ष्मीअक्का आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहतात. मूळच्या सिरोंच्याकडच्या, घरात तेलुगू बोलतात, बाहेर सगळ्या भाषा मिळून एक. आमच्या रांगेतला एकुलता एक टीव्ही त्यांचा. रविवारी सकाळी त्यावर ती मालिका लागायची, जगबुडीनंतर उरलेल्या माणसांची. जग कशाने संपलं ते कधीच सांगत नसत. दर रविवारी नवी माणसं, आणि ती कशी जगतात एवढंच.

त्या रविवारच्या भागात दोनच म्हातारे होते. ओसाड गावात समोरासमोर दोन घरं. दोघांचं भांडण जग संपायच्या आधीचं. बाकी सगळे गेले तरी भांडण राहिलं. काडीपेट्या कधीच्या संपलेल्या, म्हणून दोघंही आपापला विस्तव, आमच्या भाषेत इस्तो, वर्षानुवर्षं जपतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. मग एके दिवशी पावसाची झड लागते आणि उंच म्हाताऱ्याची चूल विझते. तो बराच वेळ राखेत बोटं फिरवतो. शेवटी फुटक्या मडक्याचं खापर घेतो, चिखल तुडवत समोर जातो, दाराशी थांबतो. आतून धूर येतो आहे. तो हात उचलतो.

आणि लाइट गेली.

"अरे देवा!" अक्का ओरडल्या. "आत्ताच जायची होती का?"

"देईन तो," माझी वहिनी म्हणाली. "दोघंच तर उरले."

कोपऱ्यात बसलेली माझी आई म्हणाली, "तो मागनारच नाई." आणि चहा न घेता उठून घरी गेली.

चौथ्या दिवशी शेगडी पेटवता पेटवता म्हणाली, "सुजाता, गावी चालतं का? बाईले भेटू."

बाई म्हणजे आईची थोरली बहीण, माझी भागरता मावशी. दोघी एकाच गावात, दोन चुलतभावांना दिलेल्या. एकाच भिंतीला लागून दोन मातीची घरं. मी चार वर्षांची असताना बाबा खाणीत लागले आणि आम्ही इकडे आलो. तेव्हापासून आई गावी गेली नव्हती. का, हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि पुस्तकांत डोकं घालून बसलेल्या मला विचारायचंही सुचलं नव्हतं.

तिकडे कोणी जाणार असेल तर सांगते. घुग्घुसहून सकाळची पहिली एस.टी. धरावी. नंतर कोळशाचे ट्रक रस्ता अडवतात आणि चंद्रपूरला पोचेपर्यंत पांढरं लुगडं काळं होतं. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीची गाडी मिळते. मूलच्या स्टँडवर उकडलेले शिंगाडे जरूर घ्यावेत, आठ आण्यांत ओंजळभर. मूलच्या पुढे धानाची शेतं, मोहाची झाडं, मध्येच तळं, आणि मग वैनगंगेचा लांबच लांब पूल. डिसेंबरात नदी अंग चोरून वाहते, वाळूच जास्त. खिडकी मागावी, पण शाल विसरू नये.

गडचिरोलीला जिल्हा होऊन अजून फार वर्षं झालेली नाहीत. जिथे तिथे नव्या कचेऱ्यांच्या पाट्या, आणि पाट्यांच्या मागे जंगल. तिथून आरमोरीची गाडी उभीच होती. मी पिशवी उचलली, तर आई म्हणाली, "मार्कंडा इथून दूर हाय का?"

मार्कंडा म्हणजे नदीकाठची जुनी कोरीव देवळं. आमच्या घरचे देव छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच उतरले. आईने त्यानंतर एका देवळाची पायरी चढलेली मला माहीत नाही.

"मार्कंड्याला काय करायचं?"

"पाहाचं. आता आलोच आपुन तर पाहू. तूच म्हनतं ना, जुनी कला पाहाव म्हनून."

म्हणून चामोर्शीची गाडी धरली. चामोर्शीहून पुढे बैलगाडीवाल्याने आम्हाला धानाच्या तणसावर बसवून नेलं आणि काही घेतलं नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेत इथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आम्ही गेलो तेव्हा नदी, दगड आणि एक झोपलेलं कुत्रं होतं. दगड मात्र काय कोरलेत! बोटांची नखंसुद्धा दिसतात. नुसत्या भिंती पाहायला जरी गेलात तरी दोन तास हाताशी ठेवा. आई पाया पडली नाही, पण एकेका मूर्तीसमोर उभी राहिली.

"हिच्या हातात काय हाय व?"

"आरसा."

"अन् हिच्या?"

"मडकं असेल."

ती त्या मडक्याजवळच जास्त रेंगाळली. उन्हं उतरली तरी निघेना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई मार्कंडा पाहत नव्हती. आई आरमोरी लांबवत होती.

रात्र गडचिरोलीत माझ्या मैत्रिणीच्या घरी काढली. दुसऱ्या दिवशी आरमोरी. या रस्त्याला जंगल अगदी गाडीच्या अंगाशी येतं. शेजारच्या बाईच्या टोपलीतल्या कोंबडीने सगळी वाट माझा पदर ओढला. आरमोरीला बाजाराचा दिवस होता. आईने मावशीसाठी बांगड्या घेतल्या, परत केल्या, पुन्हा घेतल्या. एक काडीपेटीही घेतली. तिथून नदीकडे दोन कोस पायी.

मावशी अंगणात धान पाखडत होती. आईपेक्षा बुटकी, केस पूर्ण पांढरे. तिने सूप खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"सुजाता ना व तू? नाक अजून तसंच हाय."

पाणी आणलं, तेही माझ्याच हातात दोन्ही गडवे दिले. "तुह्या आईले विचार, चाय पेते का."

आई तीन हातांवर उभी. मी विचारलं. आई मला म्हणाली, "सांग, पेतो म्हनून."

"साखर टाकू का गूळ, विचार."

"सांग, तिले माहीत हाय."

असं आमचं चाललं. मी मधे उभी, टपाल इकडून तिकडे नेते आहे. मला आधी हसू आलं, मग येईना.

मावशी विधवा, मुलगी ब्रह्मपुरीला दिलेली. लागून असलेल्या आमच्या घराची किल्ली तिच्याकडेच होती. मला वाटलं होतं आत वारूळ झालं असेल. पण जमीन सारवलेली, भिंतीला चुना. सतरा वर्षं न बोलता मावशी आमचं घर सारवत होती. फक्त चूल रिकामी होती. राखसुद्धा नाही.

जेवण मावशीकडे. भात, लाखोळीची डाळ आणि वांग्याच्या भाजीवर मूठभर सांबार. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी घाबरू नये, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. शेजारणी पाहुण्यांना बघायला आल्या. त्या गावात अजून टीव्ही नाही. घुग्घुसला काय नवीन, असं कोणी विचारलं आणि मी हौसेने ती म्हाताऱ्यांची गोष्ट सुरू केली.

"काडीपेटी नोती काय त्याच्यापाशी?"

"जगच संपलं, तर काडीपेटी कुठली?"

"मंग धान कोन पेरे?"

"ते दाखवलं नाही."

"म्हनजे धान पेरनारा उरला नाई, अन् भांडनारे उरले!" सगळ्या खदखदून हसल्या.

मी रंगून सांगत होते. झड लागली, चूल विझली, म्हाताऱ्याने खापर घेतलं, समोरच्या दाराशी गेला, हात उचलला. मावशी ताटं गोळा करत होती. ती थांबली.

"तुह्या आईनं पाठवलं का तुले, हे सांगाले?"

शेजारणींना काय ते ठाऊक असावं. एकेक करून त्या उठल्या. आई खाली मान घालून जमिनीवर बोटाने रेघ ओढत होती.

मावशीने मग मलाच सांगितलं, शांतपणे, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट. "श्रावन होता. चार दिवसांची झड. माही चूल विझली, काड्या सादळल्या. तुहा मावसा तापानं फनफनला होता, त्याले पेज पायजे होती. मी खापर घेऊन आली. तुले गोवर निंगाली होती. लेकराले गोवर असली का घरातला इस्तो बाहेर देत नाईत, अस म्हनत लोक. जुने लोक. आपुन देव सोडले, पूजा सोडली, समदं सोडलं. अन् तुह्या आईनं दार लावून घेतलं."

"मावशी..."

"पाटलाच्या घरचे आपल्याले दुरून फेकत इस्तो, खापरात पडला तं पडला, पायावर पडला तं पडला. पन फेकत तरी. हे माही बहीन."

आई पहिल्यांदा थेट बोलली. "पयला गेला होता माहा. तापातच. मले भेव वाटला, बाई."

"मले माहीत हाय भेव वाटला ते. मंग दुसऱ्या दिवशी आली असती. सांगाले."

आई उठली. आम्ही आमच्या घरात येऊन पडलो. मला त्या म्हाताऱ्यांचा राग आला, स्वतःचाही. ज्या घराचं दार लागलं त्या घरात मी होते. माझ्याच तापासाठी ते लागलं होतं, आणि मी ती गोष्ट रंगवून सांगत होते.

सकाळी जाग आली ती झाडण्याच्या आवाजाने. बाहेर धुकं, धानाच्या गंज्या अर्ध्या दिसतात, अर्ध्या नाहीत. आईने चुलीजवळ काटक्या रचल्या होत्या. आरमोरीची काडीपेटी कोनाड्यात होती, कोरी. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. परसात जाऊन फुटक्या घागरीचं एक खापर उचललं, पदराने पुसलं आणि बाहेर पडली. मी दाराच्या आड उभी राहिले.

मावशीच्या दारातून धूर येत होता. आई थांबली. मला वाटलं, आता परत फिरेल. मग तिने कडी वाजवली.

मावशी बाहेर आली. खापराकडे पाहिलं.

"काऊन? काडीपेटी सपली का?"

"नाई. हाय."

"मंग?"

"मंग काई नाई. इस्तो पायजे."

घरामागे कोणाची तरी बैलगाडी कुरकुरत गेली.

"कोनी आजारी हाय का तुह्या घरी?" मावशीने विचारलं.

"हो," आई म्हणाली. "मीच."

मावशी आत गेली. दार उघडंच होतं. चिमट्याने तिने तीन निखारे आणले, एकेक करून खापरात ठेवले, फेकले नाहीत. वर राख भुरभुरली. "झाकून ने, हवा हाय," म्हणाली. मग आईच्या हाताखाली स्वतःचा हात धरून, खापर कलंडू नये म्हणून, आमच्या चुलीपर्यंत तीच आली. दोघी वाकून फुंकत राहिल्या. धुराने दोघींच्या डोळ्यांतून पाणी. धुराने असं मी म्हणते आहे, ते त्यांच्या समाधानासाठी.

त्या चुलीवर आम्ही दोन दिवस राहिलो. निघताना मावशीने पाच पायल्या नवे तांदूळ दिले आणि आईला थेट म्हणाली, "आता सतरा वर्षं नोको लावू व. मी तेवढी नाई उरत." तांदळाचं ओझं असेल तर आरमोरीच्या स्टँडवर गाडी लागायच्या आधीच रांगेत उभं राहावं, टपावर टाकणारा मिळतो.

घरी आलो तर अक्का दारातच. चंद्रपूरला त्या रविवारी लाइट होती, तिथल्या कोणाला तरी शेवट माहीत आहे, विचारून सांगू का, म्हणाल्या. मी म्हटलं, बघू. मी अजून विचारलेलं नाही. आईला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "आता त्याचा तो पाहीन."

प्रवासातलं काय लक्षात राहिलं, असं कोणी विचारलं तर मार्कंड्याच्या दगडी बोटांपेक्षा मावशीचा चिमटा आठवतो. आणि एक गोष्ट, जी मला लिहून टाकायची आहे. आईची भीती गेली असं मला वाटलं होतं. पुस्तकं वाचून मला असंच वाटतं, की एकदा समजलं की भीती जाते.

परवा सकाळी लक्ष्मीअक्का पत्र्याचं फावडं घेऊन दारात आल्या. दगडी कोळशाची शेगडी पेटायला तास लागतो, म्हणून आमच्या कॉलनीत पेटलेले कोळसे मागून नेतात. "बाई, थोडा अंगार द्या ना. पहिली पाळी आहे यांची, डबा व्हायचा आहे."

आत दादाची मुलगी चिमी वहिनीच्या मांडीवर तापाने कण्हत होती. अंगावर लाल पुरळ. आई शेगडीपाशी होती. तिने चिमटा उचलला आणि हात तसाच राहिला. माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत तीच सतरा वर्षांपूर्वीची भीती. वहिनीही पाहत होती. अक्कांना काही कळत नव्हतं.

मी आईच्या हातातून चिमटा घेतला. तिने सोडला. मग अक्कांचं फावडं मी काठोकाठ भरून दिलं, वर राख टाकली, आणि हवा होती म्हणून त्यांच्या दारापर्यंत पोचवून आले.