शवपेटीची झडप

इंग्लंडातल्या आमच्या सफोकच्या गावात मेव्हिस बॉरेटला सगळे मावशीच म्हणतात. चार वर्षं ती स्वतःच्याच घरात वरच्या मजल्यावर अडकून पडली होती. आणि तिला खाली आणायची वाट मला, म्हणजे गावच्या पिढीजात सुताराला, पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. हे आधीच सांगून टाकतो, नंतर जीभ रेटणार नाही.

घर म्हणजे पूर्वीची सराय. साडेपाचशे वर्षांचा ओकचा सांगाडा, एक खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर. भिंती कुडाच्या, वरचा मजला रस्त्यावर हातभर पुढे आलेला. बघायला येणारे माना वर करून वाहवा करतात. त्यांचं काय जातंय! आतला जिना धुराड्याला वेटोळं घालून वर जातो, रुंदी माझ्या खांद्यांएवढी. मावशीचे दोन्ही गुडघे गेले, एका नाताळात ती कशीबशी वर चढली, आणि मग उतरणं संपलंच. अँब्युलन्सवाल्यांनी दोनदा खुर्चीत घालून प्रयत्न केला, दोन्हीदा वळणावर अडकले. जुन्या इमारती जपणाऱ्या खात्याचा साहेब म्हणाला, जिन्याला हात लावाल तर खबरदार. आणि खिडकी कापायचं तर नावच काढू नका.

तिची धाकटी बहीण ईनिड समोरच राहायची. रोज झाकलेलं ताट वर नेऊन द्यायची आणि ऐकवायची, राणीसाहेब, खाली प्रजा ताटकळलीय. मागच्या हिवाळ्यात ईनिडला अर्धांगवायू झाला. तिची खाट खालच्या पुढच्या खोलीत खिडकीशी लावली. तेव्हापासून वरून मावशी हात हलवायची, खालून ईनिड. मधे जेमतेम बारा पावलांचा रस्ता. मे महिन्यात नर्स सांगून गेली, आता काही आठवड्यांचाच प्रश्न आहे. मावशीला एकच हवं होतं, बहिणीचा हात एकदा हातात घ्यायचा.

वाट होती दिवाणखान्याच्या कडीपाटात. तिथल्या दोन कड्या मुळात पक्क्या बसवलेल्याच नाहीत. खुंट्या काढल्या की कड्या आणि फळ्या निघतात. अशा घरांत शवपेटी जिन्यावरून उतरत नाही, म्हणून ही सोय. मावशीचे आईवडील तिथूनच दोरांवर खाली आले. वडिलांच्या वेळी एक दोर माझ्या बापाने धरला होता. त्या झडपेतून जिवंत माणूस उतरवायचं? छे! असलं अभद्र तोंडातून काढायचं नाही, म्हणून मी चार वर्षं गप्प. तीही गप्प. शेवटी तिनेच विषय काढला.

"एक दिवस त्याच वाटेनं जायचंय ना मला, वॉल्टर? मग एकदा डोळे उघडे ठेवून जाऊ दे की."

साहेबाला विचारलं नाही. शनिवारी सकाळी मी आणि माझ्या मेहुण्याने खुंट्या काढल्या, वरच्या तुळईला कप्पी बांधली, मावशीला भक्कम खुर्चीत पट्ट्यांनी आवळली आणि हळूहळू खाली सोडली. अर्ध्यावर आल्यावर म्हणते कशी, बाबांना बिचाऱ्यांना हा देखावा बघायलाच मिळाला नाही. माझे दोन्ही हात दोरावर, मला काही हसू आलं नाही. मग चाकांच्या खुर्चीतून ती बारा पावलं पार केली.

मावशीने ईनिडचा हात धरला. ईनिडने तो सोडवून घेतला आणि अगदी अदबीने म्हणाली, "बाई, जरा बाजूला सरता का? समोरची खिडकी दिसत नाहीये. माझी बहीण असते तिथे."

"मीच आहे गं, ईनी."

"ती खाली नाही येऊ शकत," ईनिड म्हणाली. "अडकलीय बिचारी."

मला वाटलं मावशी रडेल. रडलो मी, त्यात लाज कसली. निदान वर्षभर आधी तोंड उघडलं असतं, तर ईनिडने तिला ओळखलं असतं. मावशीने वळून समोरच्या आपल्या खिडकीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "मला वर ने. लवकर."

तिला परत ओढून घेताना आमचा दोघांचा दम निघाला. वर टेकल्या टेकल्या ती काठ्या घेऊन खिडकीकडे निघाली, आणि मी धावत रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मावशीने हात वर केला. समोर काचेआड ईनिडचा चेहरा उजळला. धड राहिलेला हात तिने हलवला, आणि कितीतरी वेळ हलवतच राहिली.