कंडक्टरची शीळ

तुयेवरून म्हापशाला जाणाऱ्या आमच्या बसच्या कंडक्टरला घंटी लागत नसे. तोंडात बोटे न घालता तो नुसत्या ओठांनी शीळ घालायचा. एक लांब म्हणजे थांब, दोन आखूड म्हणजे चल. मी वळणावरून धावत येताना दिसले की लांब शीळ यायची आणि वर टोमणा, “ग्रॅज्युएट बाय, घड्याळ बघूंक शिकोवंक ना तुका कॉलेजीत?” आमच्या घरातली पहिली पदवी माझी. त्याच्या तोंडून ते ऐकायला मला आवडायचे.

त्याच्या वरच्या ओठावर लहानपणचा व्रण होता. त्यामुळेच लग्न जमत नाही, असे त्याने मनाशी धरले होते. कोणीतरी बँकॉकचे स्वस्त पॅकेज सांगितले, चार दिवसांत ऑपरेशन आणि फिरून परत. व्रण गेला. माणूस खरेच देखणा दिसू लागला, पण ओठ बधिर झाला. इथला डॉक्टर म्हणतो, ज्याने कापले त्यालाच विचार. तिथे फोन कोणी उचलत नाही.

आता तो पत्र्यावर थाप मारतो. गेल्या सोमवारी एक म्हातारी उतरत असतानाच बस हलली. त्याने सवयीने ओठ पुढे केले, पण नुसती हवा आली. आम्ही सगळे ओरडलो, तेव्हा बस थांबली.

म्हातारीला हात देऊन उतरवल्यावर त्याने मला हळूच विचारले, “आज शीळ वायच तरी वाजली मगो, बाय?”

“ना,” मी म्हटले.

त्याने मान हलवली, रुमालाने ओठ पुसले आणि पुन्हा चंबू केला. ड्रायव्हर आरशात बघत थांबून राहिला. कोणीच घाई केली नाही.