सेफ्टी बोटीवरचे बारा सेकंद

इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि सारंगखेड्याला अपंगांना कयाक शिकवायला लागलो. कयाक म्हणजे एका माणसाची निमुळती होडी. रविवारी सकाळी साडेसहाला हजेरी, सातला पाण्यात. बॅरेजच्या वरच्या अंगाला तापी संथ असते. मी सेफ्टी बोटीवर, हातात वॉकीटॉकी.

माझा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. शिकणाऱ्यांपैकी कोणालाही ते माहीत नव्हतं. फुल पँट, बूट. लंगडण्याबद्दल कोणी विचारलं की सांगायचो, "गुडघ्यात रॉड आहे."

रमिला पावरा धडगावची, पोलिओने दोन्ही पाय अधू. जीपने घाट उतरून शनिवारीच मुक्कामाला यायची. त्या रविवारी तिची पहिली लांब फेरी होती. सात-चाळीसला वॉकीटॉकीवर किनाऱ्यावरून आवाज आला.

"सेफ्टी, वारा वाढतोय. सगळ्यांना परत आणा. ओव्हर."

"रॉजर."

रमिला वळत असताना लाट आडवी आली. कयाक पालथी झाली. ती वर आली नाही. तिचे पाय आत अडकले होते.

मी वीस फुटांवर होतो. बोटीत इंजिनावर नावाडी आणि शेजारी दिनेश पाटील, शिकणाऱ्यांपैकीच, मळणीच्या थ्रेशरमध्ये उजवा हात गेलेला. उडी मारणं माझं काम. पण तो पाय घालून मला पोहता येत नाही, आणि काढायचा तर सगळ्यांदेखत पँट वर करायची. हात पँटपर्यंत गेला आणि थांबला.

"साहेब, काय देखी ऱ्हायनात? ती बुडी ऱ्हायनी!" दिनेश ओरडला आणि एका हातानिशी पाण्यात गेला.

तेव्हा मी पाय काढला आणि उडी मारली. बारा सेकंद गेले असतील. दोघांनी मिळून तिला सोडवलं.

किनाऱ्यावर ती पाणी ओकली, मग चादर गुंडाळून थरथरत बसली. माझा पाय बोटीत बुटासकट पडला होता. तिने तो पाहिला.

"सर, आमाला का नाय सांगितलं?"

"लाज वाटायची."

"आमची पण?"



"पाय कसा गया, साहेब?" दिनेशने हळूच विचारलं.

सांगितलं. सीमेवर पेट्रोलिंग, सकाळचे अकरा-वीस. माझ्या पायाखाली सुरुंग फुटला. कमांडरची ऑर्डर होती, "कोणीही हलायचं नाही." मी ओरडत राहिलो. लान्सनायक बबन कोळेकर आला. त्याने माझ्या मांडीला पट्टा आवळला, रक्त थांबवलं. मागे वळताना त्याचा पाय दुसऱ्या सुरुंगावर पडला. तो जागीच गेला.

घरी परतल्यापासून त्याचं नाव मी कोणापुढे घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर पायाबद्दलही सांगावं लागलं असतं.

"कसा होता तो?" रमिलाने विचारलं.

बुटका होता. चढावर धापा टाकायचा. पोहता येत नव्हतं, नदी ओलांडताना माझा पट्टा धरायचा. आणि माझी हाक ऐकल्यावर तो एक सेकंदही थांबला नाही.