चुन्याची चौकट

फोन आला तेव्हा हाफटाइम झाला होता. चौदा वर्षांखालच्या पोरांची मॅच, ऊन डोक्यावर, आणि मी नळाखाली ओंजळ धरून पाणी पीत होतो. पिशवीतला फोन तिसऱ्यांदा वाजला म्हणून काढला, तर बायको. "बाबा गेले," वंदना म्हणाली. मी शिट्टी, घड्याळ आणि दोन्ही कार्डं लाइनमनच्या हातात दिली आणि निघालो. रायपुरातल्या तात्यापाऱ्याच्या वळणावर स्कूटर आली तेव्हा लक्षात आलं, मॅच अर्धी टाकून मैदानाबाहेर पडायची ही आपली आयुष्यातली पहिलीच वेळ. मामाजींना हे अजिबात आवडलं नसतं. "मी तं मेलोच होतो, पळून थोडीच चाललो होतो? मॅच पुरी करून याचं असतं," असंच म्हणाले असते.

मामाजी म्हणजे माझे सासरे, भाऊराव ठोंबरे. मालगाडीचे गार्ड. जन्मभर हिरवी झेंडी आणि शिट्टी, आणि ड्यूटी नसेल तेव्हा रेल्वे कॉलनीमागच्या मैदानावर पोट्ट्यांना फुटबॉल शिकवणं. पैसा एक घेत नसत. कॉलनीतली पोरं यायची, बीरगांवहून कारखान्यातल्या कामगारांची यायची, सगळे त्यांना 'गार्डसाहब' म्हणायचे. त्यांचा नियम एकच: "शिट्टी वाजली म्हणजे वाजली. निघालेली मालगाडी का मांगं येते?" शिट्टीनंतर रेफरीशी हुज्जत घातली की मैदानाला दहा चकरा. शिट्टीच्या आधी मात्र स्वतः असे बोंबलायचे की स्टेशनपर्यंत ऐकू जावं. हटकलं तर म्हणायचे, "आधी बोंबलाले का बंदी आहे?"

मी मूळचा नागपूरचा, नोकरी भोपाळला. रेफरीची परीक्षा तिथेच पास झालो. छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा भोपाळहून फायली, टेबलं, खुर्च्या असं काय काय रायपूरला आलं, त्यात मीही आलो. राजधानी नवी होती, ऑफिसात बसायला धड जागा नव्हती, आणि गावात परीक्षा पास झालेले रेफरी मोजून दोन. पहिल्याच मॅचला मी ऑफसाइड देतोय असं दिसताच टचलाइनवरून आवाज आला, "ओ भोपाळ! चष्मा घरी ठेवून आला का बे?" मी वळलोसुद्धा नाही, शिट्टी वाजवली. मॅच संपल्यावर हाच माणूस मला चहाला घेऊन गेला. गाव विचारलं, नोकरी विचारली, आईवडील कुठं असतात विचारलं. पाचव्या मॅचनंतर पत्रिका मागितली! घरी जाऊन त्यांनी माझी काय शिफारस केली ते वंदना अजून हसत हसत सांगते: "पोट्टा शिट्टी खणखणीत वाजवते. मांगंपुढं पाहत नाही. अजून का पायजे?"

लग्न झालं आणि पंचाईत झाली. घरी मी 'जवाईबापू'. तव्यावरची पहिली पोळी माझी, पंख्याखालची खुर्ची माझी, 'अहो-जाहो' शिवाय बोलणं नाही. मैदानावर मात्र 'ओ रेफरी' आणि 'बे'. त्यांना हे मजेत जमायचं. मैदानाभोवतीच्या दोरीच्या या बाजूला सासरा, त्या बाजूला कोच. मला नाही जमायचं. बघणारे लोक दात काढायचे, "दामाद की सीटी, ससुर की टीम!" ते ऐकलं की कानाच्या पाळ्या तापायच्या. मी वरच्यांना सांगून ठेवलं होतं की मामाजींच्या टीमची मॅच मला देऊ नका. पण त्या वर्षी त्यांची टीम फायनलला आली, आणि दुसरा रेफरी तापाने फणफणला.

त्या फायनलबद्दल मी आजवर कुणाजवळ खरं बोललो नाही. वंदनाजवळही नाही. समोर एका शाळेची टीम होती. शेवटची पाचेक मिनिटं, अजून गोल नाही. मामाजींचा गोलकीपर तीरथ, बीरगांवचा, तेरा वर्षांचा, हातमोजे हातापेक्षा मोठे. समोरचा फॉरवर्ड एकटा बॉल घेऊन घुसला. तीरथ गोल सोडून धावला, त्याच्या पायात झेपावला आणि बॉल छातीशी धरला. बॉलच धरला, पायाला बोटसुद्धा लावलं नाही. मी दहा पावलांवर होतो. लख्ख पाहिलं मी. फॉरवर्ड त्याच्या अंगावर अडखळून पडला... दोरीमागून कुणीतरी ओरडलं, "अब देखो, दामादजी क्या देते हैं!" लोक हसले. मी शिट्टी वाजवली आणि पेनल्टी दिली.

गोल झाला. तीरथ तिथेच हातमोज्यांत तोंड खुपसून बसला. मामाजी धावत आत आले, एका पायातली चप्पल मागेच राहिलेली. "तू पाहिलं! तू दहा पावलावर होता, तू पाहिलं!" मी खिशातून लाल कार्ड काढलं. नियमात तेव्हा कोचला कार्ड दाखवायची सोय नव्हती, नुसतं बाहेर जा म्हणायचं असतं. मी तरी दाखवलं, हात चांगला उंच करून, साऱ्या लोकांना दिसावं म्हणून. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सांगायला लाज वाटते, पण त्या टाळ्या मला गोड लागल्या.

आठ दिवसांनी पहिला दिवाळसण. टाळावा कसा? सासूबाईंनी तेल लावलं, उटणं लावलं, ओवाळलं, ताटाभोवती रांगोळी काढली. मामाजींनी सुटाचं कापड हातात ठेवलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "उटणं डोयात गेलं तं नाही ना, जवाईबापू? डोये जपत जा. तुमचे डोये लोकाईच्या कामाचे आहे." वंदना पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली. पण निघताना ते फाटकापर्यंत सोडायला आले, आणि तिथे आवाज उतरला. "एक सांगू का? जवाई म्हणून माह्या टीमले काही द्या, असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणार नाही. पण जवाई आहे म्हणून माह्या पोट्ट्याईच्या हातचं काढून नका घेऊ." मी मान खाली घालून स्कूटरला किक मारत राहिलो. ती मेली सुरू होता होईना.

पुढच्या सीझनच्या पहिल्या मॅचला गेलो, तर टचलाइनपासून बरीच लांब, गुलमोहराखाली, चुन्याने एक चौकट आखलेली. मैदानाच्या रेघा मामाजी स्वतःच मारायचे, त्याच चुन्याची. चौकटीत ते उभे, हात पाठीमागे. मी विचारलं, हे काय? "शिट्टी वाजल्यावर मी आत घुसलो. पोट्ट्याईले चकरा मारू घालतो, तं मले बी सजा पायजे का नाही?" "किती दिवस?" "शिट्टी तुमची असन तेव्हा." आणि माणसाने ते पाळलं हो! दुसरा रेफरी असला की टचलाइनवर तोच आरडाओरडा. मी असलो की चौकट, आणि तोंडातून शब्द नाही. पुढे गुडघे गेले तेव्हा चौकटीत प्लास्टिकची खुर्ची आली. तिचे चारही पाय रेघेच्या आत आहेत ना, हे वाकून बघायचे आणि मगच बसायचे. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं, या गप्प बसणाऱ्याचं मी काय करणार होतो? अवघड निर्णय आला की माझी नजर आपोआप गुलमोहराकडे जायची, आणि ते मुद्दाम झाडावरचे कावळे बघत बसायचे.

तीरथचं मात्र मला नवल वाटलं होतं. मला वाटलं, हा पोरगा आता गोल सोडून बाहेर यायला घाबरणार. छे! पुढच्याच मॅचला तसाच बेधडक झेपावला. लेकरं लवकर विसरतात, अशी मी माझी समजूत घातली. तो मोठा झाला, कारखान्यात लागला, आणि मामाजींना उभं राहणं जमेना तेव्हा त्यांची पोरं त्यानेच सांभाळायला घेतली. बारक्यांना पायात झेपावायला तोच शिकवतो.

शेवटच्या दिवसांत मामाजी पुढच्या खोलीत पलंगावर असायचे, टीव्हीवर आवाज बंद करून मॅच लावलेली. एका दुपारी आम्ही दोघंच होतो. मी टीव्हीकडे बघतच बोललो, "मामाजी, त्या फायनलला पेनल्टी नव्हती. मी पाहिलं होतं. लोक हसले म्हणून दिली." "हव," ते म्हणाले, छत्तीसगढी माणूस 'हो' म्हणतो तसं. मग माझा हात थोपटला. "मले काहून सांगता? मी तं होतोच तिथं. तीरथले सांगा." मी हो म्हणालो. त्यानंतर आठ दिवस ते होते. आठ दिवसांत तीरथ मला दोनदा भेटला, आणि मी त्याच्याशी गोलच्या नव्या जाळ्यांबद्दल बोललो.

तेरवीनंतरच्या रविवारी मी मैदानावर लवकर गेलो. तीरथ एकटाच चुन्याची बादली घेऊन रेघा मारत होता. गुलमोहराखालची चौकट आखून झाली होती, खुर्चीही ठेवली होती. ती बघितली आणि माझ्याने राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, त्या टाळ्यांसकट. तीरथने बादली खाली ठेवली.

"मालूम है सर. गार्डसाहब उसी शाम साइकिल से हमारे घर आए थे. बापू के सामने बोले, लड़के ने साफ बॉल पकड़ी है, मैंने देखा है. कल भी ऐसे ही कूदना."

"और मेरे बारे में?"

तो हसला. "बोले, रेफरी ईमानदार है. मेरा दामाद न होता तो सही देता. गलती मेरी है, शादी मैंने कराई." मग चुन्याचे हात पँटला पुसत म्हणाला, "हर साल पूछते थे, सर ने कुछ बोला क्या? मैं कहता, नहीं. तो कहते, बोलेगा. टाइम बाकी है."

मला तिथेच रडू कोसळलं. पन्नाशी उलटलेला माणूस, गळ्यात शिट्टी, हमसून हमसून रडतोय, आणि पोरं एकेक करून मैदानावर येतायत. तीरथने त्यांना वॉर्मअपच्या नावाखाली पलीकडच्या गोलकडे पिटाळलं.

मग मॅच झाली. उत्तरार्धात तीरथच्या टीमचा एक बारका गोलकीपर समोरच्याच्या पायात झेपावला, फॉरवर्ड पडला आणि सगळे ओरडले. सवयीने माझी नजर गुलमोहराकडे गेली. खुर्ची तिथेच होती, चारही पाय रेघेच्या आत. पोराने बॉल छातीशी धरला होता. मी शिट्टी वाजवली नाही, हाताने खूण केली, खेळा.