गाठीचं खाणंपिणं

बायको कॅन्सरने गेली आणि तिच्या गाठीतल्या पेशी प्रयोगशाळेत जगवायचं काम नवऱ्याच्याच वाट्याला आलं. तो तिथला तंत्रज्ञ होता. एकदा सासूबाई हट्टाने बघायला आल्या. त्याने खोलीत अंधार केला. सूक्ष्मदर्शकाचा निळा प्रकाश पडला, तशा त्याने घातलेल्या खाद्यातली साखर जाळणाऱ्या जिवंत पेशी हिरव्या उजळल्या.

"म्हणजे माझी पोर अजून आहे?"

"नाही आई. ही तिची गाठ."

सासूबाई झटक्यात मागे सरल्या. "शेवटी तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. आणि हिला तुम्ही भरवताय?"

"औषध शोधायचं तर जगवावी लागते."

सासूबाई पुन्हा त्याच्या घराची पायरी चढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने पेशींना वेळेवर खाद्य घातलं. घरी मात्र घास घशाखाली उतरेना.